बेडकाची कातडी, कासवाची वाळू

प्रश्न : जंगल राखीव आहे, झाडाला कुणी हात लावत नाही, तरी तिथले बेडूक नाहीसे होतात. असं का?

उत्तर : याचं एक मोठं कारण म्हणजे कायट्रिड ही बुरशी. तिचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झालं. तोवर पनामा आणि ऑस्ट्रेलियातल्या ओढ्यांकाठी बेडूक मरून पडू लागले होते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने शोषतो. अंगातल्या क्षारांचा तोलही कातडीच राखते, आणि बुरशी नेमकी तिथेच घर करते. सोडियम-पोटॅशियम घटत जातं आणि शेवटी हृदय थांबतं. आजारी बेडूक भर दिवसा उघड्यावर, पाय फाकून बसतो. उताणा केला तर त्याला सुलटं होता येत नाही. बघवत नाही ते. ही बुरशी कातडीतल्या केराटिन या कडक प्रथिनाच्या आधारे वाढते. बेडूकमाशांच्या फक्त तोंडाशी केराटिन असतं, त्यामुळे ते तगतात आणि बेडूक झाल्यावर मरतात. तेव्हा तळ्यात बेडूकमासे दिसले म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका.

२०१९ च्या एका आढाव्यानुसार या बुरशीमुळे ५०१ प्रजाती घटल्या, त्यांतल्या ९० बहुधा संपल्या. बुरशीचं मूळ पूर्व आशियात असल्याचं जनुकांवरून दिसतं. ती जगभर पसरली त्यात जिवंत उभयचरांच्या व्यापाराचा मोठा हात आहे. नुसतं कुंपण घालून हे थांबत नाही.

प्रश्न : वाळू तापली की कासवाच्या सगळ्या माद्याच होतात, हे खरं?

उत्तर : हो. समुद्री कासवांत साधारण २९ अंशांच्या वर माद्या जास्त निपजतात. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांच्या अल्पवयीन पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. न्यूझीलंडच्या टुआटारात (सरड्यासारखा दिसणारा सरपटणारा प्राणी) उलटं : उष्णतेने नर वाढतात. घरट्यांवर सावली करणं हा एक उपाय आहे. अंडी हलवायची वेळ आलीच, तर वरची बाजू वरच राहू द्या. गर्भ कवचाला आतून चिकटलेला असतो. अंडं फिरलं तर तो मरू शकतो.

प्रश्न : मग हे प्राणी बदलत्या हवामानाशी जुळवून घेणार नाहीत का? उत्क्रांती आहे ना!

उत्तर : आहे, आणि कधीकधी ती चकित करण्याइतकी वेगवान असते. १९७१ मध्ये एड्रियाटिक समुद्रातल्या पोद म्रचारू बेटावर सरड्यांच्या पाच जोड्या सोडल्या होत्या. छत्तीस वर्षांनी त्यांच्या वंशजांची डोकी मोठी झाली होती, ते पाला खाऊ लागले होते, आतड्यात नवे पडदे आले होते. यातलं आनुवंशिक किती, हे वेगळं तपासावं लागतं. पण त्याच बेटावर आधीपासून राहणारी सरड्याची दुसरी जात तिथून नाहीशी झाली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शिवाय कासव वयात यायलाच काही दशकं लागतात. त्याला तेवढा वेळ कुठून मिळणार?

प्रश्न : आम्ही हौशी निरीक्षक. काय काळजी घ्यावी?

उत्तर : एका ओढ्यातून दुसऱ्यात जाण्याआधी बूट आणि जाळ्या घासून धुवा, पूर्ण वाळवा, कोरडेपणात ही बुरशी मरते. बेडूक शक्यतो उचलूच नका. आणि एका तळ्यातला बेडूक दुसऱ्या तळ्यात सोडू नका, दयेपोटीसुद्धा.