वर्षातून एकदा येणाऱ्यांसाठी बाक

प्रश्न : सलाम. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमची ख्रिस्ती मंडळी आहे. एरवी रविवारच्या उपासनेला 70-80 माणसे असतात. 25 डिसेंबरला मात्र 300 च्या वर जमतात. त्यांतले बहुतेक पुण्या-मुंबईला स्थायिक झालेले. नेहमी येणाऱ्या वृद्धांनाही त्या दिवशी जागा मिळत नाही. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून या लोकांना दोन शब्द सुनवावेत आणि थकलेल्या वर्गणीची यादी दारात लावावी, असे कमिटीतील काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय?
– मंडळीचा सेक्रेटरी

उत्तर : सलाम. यादी लावू नका आणि दोन शब्दही सुनवू नका. कमिटीचा राग खोटा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. बारा महिने मंदिर झाडायचे, विजेचे बिल भरायचे, गळके छप्पर शाकारायचे आणि सणाच्या दिवशी आपल्याच आईला उभे राहिलेले पाहायचे, हे सोसणे सोपे नाही. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, धाकटा परतला म्हणून चाललेली मेजवानी पाहून रागावलेला थोरला भाऊ शेतातून दमून आला होता, हे आपण उपदेशात बहुधा विसरतो.

पण आलेली माणसे कोण आहेत, हेही पाहावे. आपल्या भागातील कितीतरी मुली परिचारिका होऊन शहरातील रुग्णालयांत गेल्या. त्यांचा रविवार ड्यूटीच्या तक्त्यावर ठरतो. कोणी शहरातल्या मंडळीत नियमित जाते आणि सणाला तेवढे गावी येते. कोणाची श्रद्धा खरोखरच पातळ झाली आहे, पण आजी-आजोबांच्या कबरी इथे आहेत म्हणून पाय इकडे वळतात. दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीला आपण दारातच ‘वर्षभर कुठे होतीस?’ असे विचारत नाही. आधी तिच्या हातातली पिशवी घेतो.

जागेचा प्रश्न अधिक खरा आहे आणि तो उपदेशाने नव्हे, खुर्च्यांनी सुटेल. वृद्धांसाठी भिंतीकडेची दोन बाके राखून ठेवा आणि तसे उघड सांगा. बाकीची बाके मात्र मोकळी राहू द्या. उपासनेच्या तासभर आधी येऊन शाल, पर्स आणि बायबल पसरून अख्खे बाक अडवण्याची आपल्याकडे जी रीत आहे, ती मी अनेक गावांत पाहिली आहे, आणि अडवणारे बहुतेक वेळा कमिटीतलेच असतात. नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय नेमका बसण्याच्या जागेवरूनच सुरू होतो: श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला उभे राहायला सांगू नका, असे तो बजावतो. कमिटीच्या पुढील बैठकीत तो वाचावा. पाळकसाहेबांची तयारी असेल, तर सकाळी दोन उपासना ठेवता येतील.

आता एक माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी नाताळला मी दारात उभा राहून ‘उपासना संगीत’ हे आपल्या पदांचे पुस्तक वाटत होतो. एका तरुण जोडप्याला मी पुस्तक दिले आणि पुढच्या माणसाकडे वळलो. पहिले पद सुरू झाले तेव्हा तो नवरा सांगितलेल्या क्रमांकाचे पान शोधत होता. पुस्तकात तो क्रमांक पदाचा असतो, पानाचा नव्हे, हे त्याला कोण सांगणार? सगळे बसले तेव्हा तो उभा होता आणि सगळे उभे राहिले तेव्हा बसलेला. शेवटी त्याने पुस्तक मिटून मांडीवर ठेवले. तेव्हापासून मी पुस्तक उघडून, पदावर बोट ठेवून देतो. त्या दिवशीची पदे आणि उभे राहण्याच्या खुणा एका कागदावर छापून वाटल्या, तर आणखी बरे. प्रभुभोजन, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, असेल, तर तुमच्या मंडळीच्या नियमाप्रमाणे कोणी पुढे यावे हे पाळकसाहेबांनी आधीच स्पष्ट सांगावे आणि जागेवर बसून राहणाऱ्यांनाही अवघडल्यासारखे होणार नाही असे बोलावे.

व्यासपीठावरून ‘आता ईस्टरलाच भेटू’ असा विनोदही नको. त्यावर नेहमीचेच लोक हसतात.

हिंदू घरातून ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची गोष्ट आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी अदबीने गप्पा मारल्या आणि नवा करार हाती दिला. बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर आणखी पाच वर्षे घेतली. एका सकाळच्या उपासनेत कोणाचा हिशेब पुरा होत नाही, हे या घराइतके आपल्याला दुसरे कोणी शिकवलेले नाही.

उपासनेनंतरचा चहा हा खरा नाजूक भाग. तिथे आपण आपल्याच माणसांचे कोंडाळे करतो आणि पाहुणे कप हातात धरून भिंतीवरच्या पाट्या वाचतात. कमिटीतील चौघांना एवढेच काम द्या की त्यांनी ओळखीच्यांशी न बोलता अनोळखींशी बोलावे. विचारायचे ते मुक्काम किती दिवस, मुले कितवीत आणि 31 तारखेच्या रात्रीच्या उपासनेला थांबणार का, इतकेच. फोन नंबर दिला तर घ्यावा, मागे लागू नये.

राहिली वर्गणी. ती मागण्याचा मंडळीला हक्क आहे, पण सणाच्या दारात नव्हे. फेब्रुवारीत प्रत्येकाला स्वतंत्र पत्र पाठवा. आधी घरच्यांची विचारपूस करा, मग छपराचा खर्च किती आला ते आकड्यांसह लिहा, आणि खाली सही मात्र अशा माणसाची घ्या, ज्याने नाताळला त्यांच्याबरोबर चहा घेतला होता.