घरी फळांची स्मूदी करताना ती पाणचट आणि कडवट का होते?

तुम्ही लिहिलंय की दूध, पपई, अननस आणि मूठभर बर्फ मिक्सरला लावता, स्मूदी पाण्यासारखी होते आणि मुलं शाळेतून घरी येईपर्यंत कडू लागायला लागते. या दोन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि दोन्ही सहज टाळता येतात.

आधी पाणचटपणाचं बघू. बर्फ वितळला की त्याचं पाणीच होणार. म्हणून मी स्मूदीत बर्फ घालतच नाही, फळच गोठवते. सालीवर काळे ठिपके आलेली पिकलेली केळी सोलून अर्ध्या इंचाच्या चकत्या करायच्या, ताटात एकमेकींना चिकटणार नाहीत अशा पसरायच्या आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायच्या. सकाळी टणक झाल्या की डब्यात भरायच्या. एकदम डब्यात कोंबल्या तर त्यांचा दगड होतो आणि सुरीनेही सुटत नाही. साल मात्र आधीच काढायची, गोठल्यावर ती निघता निघत नाही. आंब्याच्या, चिकूच्या फोडींचंही असंच करायचं. गोठलेलं केळं फिरवलं की आइस्क्रीमसारखं मऊ, दाट होतं, त्यामुळे वेगळी साय किंवा क्रीम लागत नाही.

दोन ग्लासांसाठी माझं माप असं: एका मोठ्या हापूसच्या गोठवलेल्या फोडी, अर्ध्या केळ्याच्या चकत्या, एक वाटी गोडसर घट्ट दही, पाव वाटी गार दूध, चिमूटभर मीठ आणि वेलची. साखर नाही. रायवळ आंबा असेल तर आधी रस काढून गाळून घ्या, त्याच्या दोऱ्या घोटाघोटाला दातात येतात.

आपला घरचा मिक्सर चटणीसाठी उत्तम, पण गोठलेल्या फळांशी झुंजताना त्याची मोटर तापते. फोडी पाचेक मिनिटं बाहेर ठेवा. भांड्यात आधी दूध-दही घाला, मग फळं. थांबत थांबत, थोडं थोडं फिरवा. मध्येच आवाज चढला आणि वरच्या फोडी हलेनाशा झाल्या, तर पात्याभोवती हवेची पोकळी झाली असं समजा. तिथेच बहुतेक जण आणखी दूध ओततात आणि सगळं पातळ होतं. त्याऐवजी मिक्सर बंद करून, झाकण काढून चमच्याने फोडी खाली दाबा आणि परत फिरवा. दोन-तीनदा केलं की मिश्रण आपसूक घुसळायला लागतं.

आता कडवटपणा. पपई, न शिजवलेला अननस आणि किवी यांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात: पपईत पपेन, अननसात ब्रोमेलेन, किवीत अ‍ॅक्टिनिडिन. दुधातल्या प्रथिनांचे ती तुकडे करतात आणि ते तुकडे चवीला कडू असतात. जितका वेळ जाईल तितकं कडू, दह्यातसुद्धा. तेव्हा ही फळं दूध-दह्यात घातली तर लगेच प्यायची. अननसाच्या फोडी उकळी आणून दोन-तीन मिनिटं शिजवल्या तर ब्रोमेलेनचा जोर जातो, मग गार करून खुशाल दह्यात घाला. अननसाचं रायतं करतानाही फोडी अशा शिजवून घेतलेल्या बऱ्या. पपईला मी दूध लावतच नाही, संत्र्याच्या रसात फिरवते आणि वर लिंबू पिळते. मुलांसाठी करून ठेवायची असेल तर तुम्हीही हेच करा.

गार पदार्थात गोडवा कमी जाणवतो, म्हणून मधाचा हात सैल सुटतो. आधी लिंबाचे चार थेंब आणि मीठ घालून चव बघा, बहुतेकदा मधाची गरजच पडत नाही.

फळ मात्र हंगामाचंच घ्या. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते, ती आंबटसर असते, तिला दह्यापेक्षा चक्का छान लागतो. डहाणू-घोलवडचा चिकू नुसत्या दुधात घाला, केळंसुद्धा नको, त्याचा स्वाद दबतो. जूनमधली जांभळं बिया काढून दह्यात फिरवली तर रंग असा गडद जांभळा येतो की मुलं न सांगता ग्लास उचलतात. आणि कलिंगडाला दूध-दही काहीच नको. गोठवलेल्या फोडी, पुदिन्याची पाच-सहा पानं, काळं मीठ, एवढ्यावर ते झकास लागतं.