पंच्याऐंशी सेंट

"मॅडम, भाषा येते हो, पण तोंडातून निघत नाही. परत येऊ का नाशिकला?"

परदेशी गेलेल्या मुली-सुना हा प्रश्न मला नेहमी विचारतात. म्हणून मेधाची गोष्ट सांगते. तिच्या संमतीने नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

मेधा इथे शाळेत गणित शिकवायची. बुधवारच्या बाजारात गोदाकाठच्या मावशींशी घासाघीस करून वर मूठभर कोथिंबीर घेऊन येणारी. नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीत श्टुटगार्टला गेली आणि दोन वर्षांत जर्मन भाषेची बी-वन परीक्षा पास झाली. सहा पायऱ्यांपैकी ही तिसरी, रोजचे व्यवहार निभावतील एवढी भाषा. सुट्टीत आली तेव्हा कॉलेज रोडला माझ्यासमोर बसली आणि पर्समधून एक कापडी पिशवी काढून टेबलावर ठेवली. चांगली जड होती. आत सगळी सेंटची नाणी.

"बेकरीतली बाई किंमत सांगते, मला आकडा कळत नाही. मागे रांग असते. मी सरळ दहाची नोट पुढे करते. हे उरलेले सुट्टे."

आयुष्यभर मुलांना पाढे शिकवलेल्या बाईची ती पिशवी बघून मला भरून आलं. कोणता आकडा अडतो, ते विचारलं.

"तीन युरो पंच्याऐंशी घ्या. ते आधी पाच म्हणतात, मग ऐंशी. मी मनात एटी-फाइव्ह जुळवेपर्यंत ती पुढचं बोलून मोकळी."

मला जर्मन येत नाही. मी आपलं सहज विचारलं, "मग आपण पंच्याऐंशी म्हणतो, त्यात आधी काय येतं?"

ती गप्प झाली. पंचवीस, पंचेचाळीस, पंच्याऐंशी असं पुटपुटत राहिली आणि एकदम हसली. क्लास इंग्रजीतून केलेला, त्यामुळे प्रत्येक आकडा इंग्रजीला वळसा घालून यायचा. मग तीच सांगायला लागली, तो-ती-ते अशी तीन लिंगं त्यांच्याकडेही आहेत, फक्त कोणत्या शब्दाचं कोणतं ते पाठच करावं लागतं. त्या दोन मिनिटांत मला तिच्यातली शिक्षिका दिसली.

पण खरं दुखणं आकड्यांचं नव्हतं. पहिलीतली लेक आता फाडफाड जर्मन बोलते. मेधाला पोटदुखीसाठी डॉक्टरकडे जायचं होतं, तेव्हा दुभाषी म्हणून लेकच सोबत गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, तू बोलू नकोस, मी सांगते." हे सांगताना मेधा रडली. इथे चार माणसांत जिचा शब्द चालायचा, ती तिथे सहा वर्षांच्या पोरीच्या मागे उभी. भाषा शिकताना मोठ्या माणसाला पुन्हा लहान व्हावं लागतं, आणि त्याची लाज किती खोल जाते हे घरच्यांच्या लक्षात येत नाही.

झोप, भूक, रडू येणं याची मी आधी नीट चौकशी केली. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर भाषेला दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मेधाचं तेवढं नव्हतं.

डॉक्टरकडे लेकीला न्यायचं नाही, हे मी ठामपणे सांगितलं. आईचं दुखणं पोराने दुसऱ्याला सांगायचं, हे ओझं त्याच्या वयाचं नाही. नवरा रजा काढेल, नाहीतर लक्षणं घरून कागदावर लिहून न्यायची. आणि बेकरी एकच ठरवायची, वेळही तीच, शक्यतो गर्दी नसलेली. मावशी ओळखीच्या कशा झाल्या होत्या? दर बुधवारी जाऊनच ना! समोरची इंग्रजीत बोलली तरी आपण जर्मन सोडायचं नाही. कळलं नाही तर "लांगझामर, बिटे", म्हणजे जरा सावकाश. तिथल्या बोलीत 'निष्ट'चं, म्हणजे 'नाही'चं, 'नेट' होतं, ते पुस्तकात नव्हतं म्हणून तिला वाटायचं आपलंच चुकतंय.

मेधाच्या आईला मात्र समजावावं लागलं. रोज दोन-दोन तास व्हिडिओ कॉल आणि शेवटी "ये गं परत". मायेपोटीच, पण त्याने लेकीचा पाय तिथे ठरत नव्हता.

परवा मेधाचा व्हॉइस मेसेज आला. आठवडाभर तापाने घरी होती, तर बेकरीतल्या बाईने विचारलं, कुठे होतात? उत्तर तीन वाक्यांत दिलं, दोन चुकली. पिशवीतली नाणी निम्मी संपलीत.

शाळेतली पालकसभा पुढच्या महिन्यात आहे. तिची अजून धास्ती वाटते. काय बोलायचं त्याची आम्ही दर शनिवारी कॉलवर तयारी करतोय.