दोनशे वॅटचं पॅनेल, पण अँपिअर तेवढेच

प्रश्न : माझी चोवीस फुटी, शिडाची फायबर बोट आहे. मे महिन्यात पावसाळ्यासाठी ती वर ओढताना मागच्या कमानीवरच्या १०० वॅटच्या सोलर पॅनेलची काच फुटली. दसऱ्याच्या सुमारास घरांच्या गच्चीवर सोलर बसवणाऱ्या दुकानातून २०० वॅटचं नवीन पॅनेल आणलं आणि जुन्याच वायरींना जोडलं. जुनं पॅनेल भर दुपारी सव्वापाच अँपिअर द्यायचं. नवीनही सव्वापाचच देतं! दुकानदार म्हणतो वायरिंगमध्ये दोष आहे, मित्र म्हणतो पॅनेल डुप्लिकेट आहे. पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर जुनाच, १० अँपिअरचा, पीडब्ल्यूएम जातीचा. बॅटरी १२ व्होल्ट, १०० एएच (अँपिअर-तास), लेड-अ‍ॅसिड. वायर बदलायची तर घरी दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलिमीटरची) गुंडाळी पडून आहे, ती चालेल का? पॅनेलच्या मागच्या लेबलचा फोटो सोबत पाठवत आहे.
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : लेबलचा फोटो पाठवलात म्हणून हे पत्र वर काढलं. एरवी लोक पॅनेलचा पुढून फोटो पाठवतात, बोटीसकट आणि स्वतःसकट.

आधी एक काम करा, बाकीचं मग वाचा. जुन्या कंट्रोलरच्या पाठीवर पॅनेलचा कमाल व्होल्टेज किती छापलाय ते बघा. तुमच्या नव्या पॅनेलचा उघडा व्होल्टेज, म्हणजे काहीच जोडलेलं नसतानाचा, ४५ आहे. कंट्रोलरवर ५० किंवा ५५ लिहिलं असेल तर थोडक्यात वाचलात. २५-३० लिहिलं असेल तर पॅनेलवर जाड गोधडी टाका आणि वायर आजच्या आज सोडवा.

आता तुमचं कोडं. पॅनेल खरं आहे आणि वायरिंगनं तुमचं काही वाईट केलेलं नाही. जुनं पॅनेल ३६ सेलचं होतं, काम करताना सुमारे १८ व्होल्ट देणारं. नवीन ७२ सेलचं आहे. लेबलवर ३७ व्होल्ट आणि ५.४ अँपिअर लिहिलंय, गुणाकार करा, २०० वॅट येतात. वॅट दुप्पट झाले ते व्होल्टेज दुप्पट झाल्यामुळे. अँपिअर होते तिथेच आहेत. आणि पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे नुसता चटपटीत स्विच. तो पॅनेल थेट बॅटरीला जोडतो आणि बॅटरी भरत आली की भराभर चालू-बंद करत राहतो. जोडलं की पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीच्या पातळीला खाली येतो. म्हणजे १३ गुणिले ५.४, जेमतेम ७० वॅट. उरलेले १३० पॅनेलची पाठ तापवतात. दोन शिफ्टचा पगार देऊन माणूस आणला आणि अर्ध्या शिफ्टला बसवून ठेवला, तसला प्रकार.

उपाय दोन. दुकानदार बदलून देत असेल तर जुन्यासारखंच ३६ सेलचं पॅनेल घ्या, जुना कंट्रोलर चालेल, पण वॅट पुन्हा शंभरच्या आसपास. किंवा एमपीपीटी कंट्रोलर घ्या, जो जास्तीच्या व्होल्टेजचे अँपिअर करून देतो. कमानीवर जागा एकाच पॅनेलची दिसते, तेव्हा मी दुसरं करीन. ७५ व्होल्ट, १५ अँपिअरचा पुरेल. मात्र २०० वॅट कधी दिसणार नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात पॅनेल ६०-६५ अंशांवर जातं आणि तापलेल्या पॅनेलचा व्होल्टेज उतरतो. दुपारी १२ अँपिअर दिसले तर पेढे वाटा.

दीड स्क्वेअरची गुंडाळी घरीच राहू द्या. गंमत म्हणजे हिशेबात ती बसते. पॅनेलपासून आतपर्यंत ६ मीटर धरले, जाऊन-येऊन १२, तर पाऊण व्होल्ट पडतो. ३७ व्होल्टमध्ये पाऊण म्हणजे किरकोळ. पण ती वायर भिंतीतल्या पाइपात राहायला जन्मलेली. उन्हात तिचं कातडं तडकतं, मग खारं पाणी आत शिरतं आणि केशिकेसारखं वायरभर चढतं. वरून वायर लालभडक, आत तांबं काळंठिक्कर. पितळेच्या पातेल्याला कल्हई का करायची? आमटी कळकू नये म्हणून. सोलरची वायर तशीच, तिच्या प्रत्येक तारेवर कथलाचा मुलामा असतो. तुमच्या त्याच दुकानात ४ स्क्वेअरची मिळेल. सोलून बघा, तार चंदेरी दिसली पाहिजे.

खरी काळजी दुसऱ्या टोकाला घ्यायची. कंट्रोलर ते बॅटरी या तुकड्यात आता १२ ते १५ अँपिअर धावणार, तेही १३ व्होल्टवर. इथे अर्धा व्होल्ट पडला तरी कंट्रोलरला बॅटरी भरल्यासारखी वाटते आणि तो हात आखडता घेतो. म्हणून कंट्रोलर बॅटरीच्या शेजारी, मीटरभर अंतरात, आणि वायर ६ स्क्वेअर. शेजारी म्हटलं, त्याच डब्यात नव्हे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते.

२० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात लावा. पुष्कळ जण तो पॅनेलच्या बाजूला लावून निर्धास्त होतात. पॅनेल शॉर्ट झालं तरी पावणेसहा अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, फ्यूज तिथे शोभेला. बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर येतात आणि फायबरची बोट पेटते.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. कंट्रोलर बॅटरी बघून ठरवतो की आपण १२ व्होल्टवर आहोत की २४ वर. पॅनेल आधी जोडलंत तर तो भलताच समज करून घेईल. हे सगळं पॅनेलवर गोधडी टाकून करा, कारण ओल्या खारट हाताला ४५ व्होल्ट डीसी चांगलाच चावतो. पॅनेलच्या वायरींना असतात ते एमसी-फोरचे कनेक्टर चालू करंटवर ओढून काढू नका, आत ठिणगी पडून तोंड जळतं. रंगांवर विसंबू नका. आधीच्या मालकानं मधेच काळी वायर लाल करून टाकलेली असू शकते. प्रत्येक टोकाला मल्टिमीटर लावा, वजाचं चिन्ह आलं तर पिना उलट्या आहेत.

आता माझी फजिती. आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवण्यात माझी उमर गेली, तरी स्वतःच्या बोटीवर पॅनेल बसवताना केबिनमध्ये जागा नाही म्हणून प्लस डावीकडून नेली आणि मायनस उजवीकडून. प्लस होकायंत्राच्या मागून गेली, वीतभरही अंतर नसेल. पुढच्या खेपेला जयगडहून रत्नागिरीला येताना सकाळी होकायंत्र बरोबर होतं, अकरानंतर आठ-दहा अंश बाजूला. मेहुण्यानं सुरी, डबा, माझं घड्याळ सगळं मागे नेलं. सुई हलेना. शेवटी वाळत घातलेला त्याचा टॉवेल वाऱ्यानं पॅनेलवर पडला आणि सुई मुकाट्यानं जागेवर आली! दोन्ही वायरी एकमेकींना पीळ घालून नेल्या असत्या तर त्यांची चुंबकं परस्पर फिटली असती. तुम्ही तशाच न्या. मेहुणा अजून टॉवेल दाखवतो.

डेकमधून आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून टपकेल, भोकात जाणार नाही. लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, पकडीनं चेपू नका, क्रिंपिंगचं हत्यार मागून आणा आणि आत गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी चढवा.

प्रश्न : शिडाच्या बोटीवर दोन सारखी पॅनेलं बसवतोय. सिरीज (एकामागे एक) की पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस)?
– वास्को येथील वाचक

उत्तर : पॅरलल. बोटीवर डोलकाठी आहे, बूम म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा आहे, दोर आहेत, आणि नांगरावर बोट वाऱ्याबरोबर फिरत राहते. सावली कुठे पडेल ते तुमच्या हातात नाही. सिरीजमध्ये एकावर सावली पडली तर त्याचा त्रास दुसऱ्यालाही होतो. पॅरललमध्ये ज्याचं त्याच्यापाशी. दोनच असतील तर प्रत्येकाला वेगळा फ्यूज नको. तिसरं आणलंत तर तिघांनाही लावा.

प्रश्न : पावसाळ्यात बोट ताडपत्रीखाली असते. बॅटरी बोटीवरच राहू दिली तर?
– मालवण येथील वाचक

उत्तर : ताडपत्रीखाली पॅनेल आंधळं, कंट्रोलरचा दिवा मात्र बॅटरीतून थोडं थोडं पीत राहतो. आधी पॅनेल सोडवा, मग बॅटरी, आणि ती घरी आणा. महिन्यातून एकदा चार्जर लावा. १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, प्लेटांवर सल्फेट धरतं. जागा हवेशीर हवी. माझी पडवीत असते, फळीवर, शेजारी कोयता आणि नारळ. बोटीवर राहिलेल्या लगांना ग्रीस चोपडून प्लास्टिकची पिशवी बांधा, आणि कुठली प्लस ते पिशवीवर मार्करनं लिहून ठेवा.