ऑरोराला येतोयस ना, मग हे वाच

अरे,

मेसेज वाचला, अभिनंदन! रूम डेन्वरला बघू की ऑरोराला विचारतोयस, पण कॅम्पसच ऑरोरात आहे ना तुझा. ॲन्शुट्झ मेडिकल कॅम्पस, म्हणजे आधीचं मिलिटरीचं फिट्झसिमन्स हॉस्पिटल, १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना हार्ट अटॅक आला तेव्हा जवळपास सात आठवडे इथेच होते. मग रोजची येजा कशाला? ऑरोराला उगाच डेन्वरची गल्ली समजू नकोस, २०२० च्या जनगणनेत ३,८६,२६१ माणसं होती, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं तिसरं मोठं शहर आहे.

आता उंचीचं. कळसूबाई १६४६ मीटर, आणि ऑरोरा १६६७ च्या आसपास. म्हणजे तू कळसूबाईच्या माथ्यावर भाड्याने राहणार आहेस, फक्त सगळं सपाट असल्यामुळे कळत नाही. पहिले पंधरा दिवस जिम-बिम नको, पाणी पीत राहा, नाक कोरडं पडून रक्त आलं तर घाबरू नकोस (मी घाबरलो होतो, थेट आईला व्हिडिओ कॉल). पाणी ९५ च्या आतच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासभर शिजवली तरी दाताखाली येते. कुकर घरून आण, आणि शिट्ट्या दोन जास्त कर. मे-जूनमध्ये गारा पडतात, माझ्या गाडीच्या बॉनेटवर अजून खळगे आहेत, शेड असलेलं पार्किंग मिळालं तर सोडू नकोस. दिशा चुकलास तर डोंगर बघ, डोंगर म्हणजे पश्चिम.

आणि एक ऐक. आपल्या चार पोरांच्या अपार्टमेंटमध्ये शिरून दोन वर्षं पोहे खात बसू नकोस. इथे साधारण पाचातला एक जण दुसऱ्या देशात जन्मलेला आहे, तू काही एकटा परका नाहीस. हवाना स्ट्रीटला जा, कोरियन पाट्या, पुढे इथिओपियन हॉटेलं. इंजेरा माग, परातीएवढी, आंबूस, जाळी पडलेली, आपल्या आंबोळीची सख्खी बहीणच, वर मसुराची तिखट, घट्ट आमटी, तिला ‘वॉट’ म्हणतात. चमचा मागू नकोस, सगळे एकाच ताटातून हाताने खातात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मालकीणबाईंनी माझं हाताने जेवणं बघितलं आणि न विचारता अजून एक इंजेरा आणून ठेवली.

तिकीट काढलंस की कळव, एअरपोर्टला मी येतो. कुकर चेक-इन बॅगेत टाक, शिट्टी वेगळी गुंडाळून.

तुझा काका