नवशिके आणि मुरलेले, एकाच मैदानावर

प्रश्न : दुबईत आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचं मंडळ आहे. गोल्फच्या दिवशी २४ जण येतात, त्यांतले निम्मे नवशिके. मागच्या खेपेला खेळ रेंगाळला, जेवायला येणारी कुटुंबं ताटकळली. काय करावं?

उत्तर : प्रत्येकाने स्वतःचा चेंडू खेळायचा हट्ट सोडा, टेक्सास स्क्रॅम्बल ठेवा. चौघांचे सहा संघ करा. चौघेही फटका मारतात, सर्वांत सोयीचा चेंडू निवडतात आणि पुढचा फटका सगळे तिथूनच मारतात. झुडपात चेंडू शोधण्यात जाणारा वेळ वाचतो. 'प्रत्येकाचे किमान तीन टी-शॉट (होलच्या सुरुवातीचा पहिला फटका) घ्यायचेच' ही अट मात्र घाला, नाहीतर एकटा पट्टीचा खेळाडूच खेळतो. पटिंगला, म्हणजे चेंडू खळग्यात ढकलायच्या हलक्या फटक्याला, नवशिक्याला आधी पाठवा. बाकीच्यांना उतार कळतो.

संघाचा हँडिकॅप (कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत) काढताना चौघांचे हँडिकॅप चढत्या क्रमाने लावा आणि त्यांचे अनुक्रमे २५, २०, १५, १० टक्के घ्या. कोर्स हँडिकॅप (त्या मैदानासाठीचे हँडिकॅप) ८, १६, २४, ३६ असतील तर २ + ३.२ + ३.६ + ३.६ = १२.४, म्हणजे १२. सरसकट सरासरी काढली की भांडणं ठरलेली!

क्लबकडे शॉटगन स्टार्ट मागा : सगळे संघ वेगवेगळ्या होलवरून एकाच वेळी सुरू करतात, त्यामुळे साधारण एकत्रच संपवतात. जेवण त्यानंतर अर्ध्या तासाने सांगा. आणि हो, जीन्स चालत नाही, कॉलरचा शर्ट हवा, हे निमंत्रणातच लिहा.