जर्मनीत शिकताना शनिवार-रविवार फिरणं आणि तिथलं बाहेरचं खाणं विद्यार्थ्याला परवडतं का?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरमध्ये मास्टर्सला जाताय, डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे, आणि घरचे म्हणतायत की सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून अभ्यास कर, वरणभात करून खा, फिरायचं ते नोकरी लागल्यावर. परवडतं का, एवढाच तुमचा प्रश्न आहे.

परवडतं. हे एक वाक्य मला २०१९ साली बाबांना फोनवर धडपणे बोलता आलं नव्हतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्याची, सहकारनगरची. २०१८ च्या हिवाळी सत्राला ड्रेस्डेनला गेले. तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवतो त्या खात्यातून, महिन्याला ७२० युरो सुटायचे, आता ९९२ सुटतात. भाडं, आरोग्य विमा आणि मेन्सातलं (विद्यापीठाच्या कँटीनमधलं) जेवण गेलं की हातात राहायचं ते थोडकंच. त्यात मी प्रत्येक युरोला ८० ने गुणायचे. कॉफी दोन युरो म्हणजे १६० रुपये, नको. ट्रामचं तिकीट नको. केक तर नकोच.

आमच्या मजल्यावर चार मराठी मुलं-मुली होतो. एक राइस कुकर, पुण्याहून आणलेला गोडा मसाला, रोज आमटी-भात नाहीतर खिचडी. दिवसभर मराठी. वर्गात इंग्रजी. जर्मन ए-२ ला, म्हणजे खालून दुसऱ्याच पायरीला, जे अडकलं ते अडकलंच. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो. रविवारी सगळी दुकानं बंद. दुपारी घरी फोन व्हायचा आणि तो ठेवला की सोमवार सकाळपर्यंत करण्यासारखं काहीही नसायचं. मार्चपर्यंत मी ड्रेस्डेनच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आणि मला वाटत होतं की मी शहाण्यासारखी वागतेय.

मार्चच्या शेवटी एका शनिवारी वर्गातली एक जर्मन मुलगी म्हणाली, एल्बे नदीच्या काठाने डोंगरात जातोय, चल. एस-१ लोकल विद्यार्थ्यांच्या सेमेस्टर तिकिटावर चालायची, म्हणजे जायचा खर्च शून्य. पाच महिने ते तिकीट माझ्या पाकिटात होतं! राटेन नावाच्या गावी उतरलो. स्टेशन नदीच्या एका तीरावर, गाव आणि डोंगर पलीकडे. मधे एक होडी आहे, तिला इंजिन नाही. नदीत वरच्या अंगाला लांब दोराने ती बांधलेली असते. नावाडी ती प्रवाहाला जराशी तिरकी धरतो आणि पाणीच तिला ढकलत पलीकडे नेतं. आवाज फक्त फळ्यांचा आणि पाण्याचा. मी कठडा धरून उभी होते आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा डोक्यात कुठलाही हिशेब चालू नव्हता.

मग बास्टायची चढण. वाळूच्या दगडाचे उभे सुळके, त्यांच्यामधून बांधलेला १८५१ चा दगडी पूल, खाली १९४ मीटरवर एल्बे. पुलाला तिकीट नाही. समोर लिलियनश्टाइन डोंगराचा सपाट माथा, आणि पुढे तसाच दुसरा माथा, त्यावर क्योनिगश्टाइनचा किल्ला. तो कधी कुणाला लढून घेता आला नाही. तिथल्या विहिरीची खोली १५२ मीटर. पुण्याच्या माणसाला ताशीव कडे आणि वर किल्ला दिसला की काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

उतरल्यावर खाली एका छोट्या खाणावळीत क्वार्ककॉयल्शेन खाल्ले. क्वार्क म्हणजे जवळपास आपला चक्काच. उकडलेला बटाटा कुस्करायचा, त्यात चक्का, मैदा, अंडं घालायचं, जाडसर वड्या थापून तुपा-लोण्यावर परतायच्या, वर साखर-दालचिनी आणि शेजारी सफरचंदाचा गर. कडा करकरीत, आत मऊ. पहिल्या घासाला मला आजीचे घारगे आठवले. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, कुठची तू? मी तुटक्या जर्मनमध्ये सांगितलं की आमच्याकडे याच चक्क्याचं श्रीखंड करतात. त्यांनी खुर्ची ओढली आणि कृती विचारली. वेलदोड्याला काय म्हणतात ते मला येत नव्हतं, हातवारे करून सांगितलं. त्या दहा मिनिटांत मी जेवढं जर्मन बोलले तेवढं आधीच्या पाच महिन्यांत बोलले नव्हते.

संध्याकाळी पुलावरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. काकांचं उत्तर आलं, "अभ्यासाला पाठवलंय ना?" रात्री बाबांचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाले, "कर्ज फिरायला काढलेलं नाही." मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला.

हे मला इतकं का लागलं ते सांगते. माझ्या लहानपणचे रविवार सिंहगडावर गेलेत, आणि ते बाबांमुळे. स्वारगेटहून पहाटेची बस, आतकरवाडीतून चढण, पुणे दरवाजा, वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. दहावीच्या वर्षी सगळे नातेवाईक म्हणाले, आता हे बंद करा. तेव्हा बाबांनीच ऐकवलं होतं की डोकं मोकळं राहिलं तर अभ्यास होतो. दहावीला जे खरं होतं ते मास्टर्सला खोटं कसं होतं? फिरण्या-खाण्यावर पैसे वाया गेले म्हणायचं, तर गडावरचं पिठलं काय फुकट मिळत होतं? घरी त्याहून चांगलं पिठलं होत होतं, तरी आपण तिथे जाऊन खात होतो ना, बाबा?

त्यानंतर मी खर्चाची वही घातली. महिन्यातून दोन-तीन शनिवार फिरायचं, नियम एकच, डबा घरचा आणि एक पदार्थ तिथला. डब्यात भाजणीचं थालीपीठ, नाहीतर ब्रेडला दाण्याची चटणी. प्रवास आणि खाणं मिळून महिन्याला ४० युरोच्या वर क्वचितच गेले. त्या वाटांवर समोरून येणारा प्रत्येक माणूस तुम्हाला नमस्कार करतो, म्हातारी माणसं थांबून बोलतात, आणि हळू बोलतात. वर्षभरात माझी जर्मनची पुढची पायरी, बी-१, झाली. पुढची इंटर्नशिपची मुलाखत मी जर्मनमध्ये दिली.

आमच्याच मजल्यावर एक मुलगा होता, आमच्यातला सगळ्यात हुशार. तो कुठेच गेला नाही. त्याच्या काटकसरीचं घरी कौतुक व्हायचं. तिसऱ्या सत्रात तो परीक्षेलाही जाईना, दार उघडेना, आणि शेवटी डिग्री न घेता परत गेला. न फिरल्यामुळेच तसं झालं असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच असतात. पण त्याच्या आईला काटकसर वाटत होती ती काटकसर नव्हती, हे आम्ही शेजारी राहून ओळखायला हवं होतं.

आता तुमच्या कामाचं. डॉइचलांड तिकीट हा महिन्याचा पास मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, २०२५ ला ५८ झाला, जानेवारी २०२६ पासून ६३ आहे. देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या त्यावर चालतात, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालत नाहीत. बऱ्याच विद्यापीठांत ते सवलतीत सत्राच्या फीमध्येच येतं. तुमच्याकडे येतं का ते आधी बघा, कारण येत असेल तर पैसे तुम्ही भरलेलेच आहेत. शाकाहारी असाल तर मसुराच्या आणि बटाट्याच्या सुपात बरेचदा सॉसेज नाहीतर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, म्हणून "ओने फ्लाइश" (मांस नको) म्हणायला पहिल्या दिवशी शिका. ड्रेस्डेनकडे गेलात तर आयरशेके खा, खाली पाव, मधे चक्का, वर अंड्याचं कस्टर्ड असा तीन थरांचा केक. नाताळचा बाजार चुकवू नका, तिथला १४३४ पासून भरतो. गरम पेयाच्या मगाची अनामत घेतात, तो परत केला की ती मिळते. सात दिवसांत पाच देश दाखवणाऱ्या बस टूरवर मात्र पैसे घालवू नका. पाय दुखतात, झोप जाते, आणि खायला मिळतो तो हायवेवरचा बर्गर.

म्युनिकसारख्या शहरात भाडंच इतकं जातं की माझा हिशेब तिथे जसाच्या तसा लागू होणार नाही. परीक्षेच्या महिन्यात मीही जात नव्हते. आणि घरचा हप्ता खरोखरच ओढाताणीत चालला असेल तर आधी विद्यापीठातलं हीवीचं, म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं, काम मिळवा, मग शनिवार.

घरी निघायच्या आधीच सांगून टाका, महिन्याला इतके युरो फिरण्या-खाण्याचे. आकडा सांगा, परवानगी मागू नका. आणि वही पहिल्या दिवसापासून ठेवा. कॉफी-केकला नको म्हणत होते, तरी मी फिरत नव्हते त्या पाच महिन्यांत माझा खर्च नंतरच्यापेक्षा जास्त झाला होता. रात्री मागवलेले पिझ्झे, भारतीय दुकानातली महागडी लोणची-फरसाण, मन लागत नाही म्हणून मागवलेल्या वस्तू. बँकेच्या उताऱ्यात एकूण रक्कम दिसते, पण कशाकशावर गेली ते मला आता सगळं सांगता येत नाही, आणि बाबांचं-माझं बोलणं अजूनही त्याच पाच महिन्यांवर येऊन अडतं.